मेंदूचा नकाशा भिंतीवर लावायचाय, पण कोणाच्या मेंदूचा?

रेघोट्या | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, धागा लांबट होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नाशकात कॉलेज रोडला डिझाइनची बारीकसारीक कामं करते. लग्नपत्रिका, दवाखान्यांच्या पाट्या, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं. महिन्याभरापूर्वी एका शाळेचं काम आलं. त्यांच्या नव्या विज्ञान खोलीत एका भिंतीवर आठ बाय पाच फुटांचा ‘मेंदूचा नकाशा’ हवा होता. मी नेटवरून एक झकास रंगीत चित्र उचललं, नावं मराठीत टाकली, आणि मेंदूचं तोंड दाराकडे यावं म्हणून चित्र आडवं पालटलं. फ्लेक्स छापून भिंतीवर चढलासुद्धा.

पालकसभेला आलेल्या एक डॉक्टर बाई त्याच्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “वाचेचं केंद्र उजव्या बाजूला कोणी नेलं?”

मी नेलं होतं. चित्र पालटल्यावर डावा अर्धगोल उजवा झाला आणि ब्रोकाचा भाग त्याच्यासोबत पलीकडे गेला. चित्राचे हक्क कोणाचे हे तर मी पाहिलंच नव्हतं. त्याबद्दलची बोलणीही आत्ताच घाला, एकदम खाते.

आता माझ्या खर्चाने दुसरा करून देतेय. यावेळी आधी वाचायला बसले आणि जास्तच गोंधळले. एका ठिकाणी मेंदूच्या सालीचे (बाहेरच्या थराचे) ५२ भाग, दुसरीकडे एकेका बाजूला १८०, तिसरीकडे अख्ख्या मेंदूत ८६२ रचना. मग खरा नकाशा कुठला? सातवी-आठवीच्या पोरांना काय दाखवू? जाणकारांनी उजेड पाडावा.

मिसळसम्राट | शनिवार, रात्री ९.५२

मी डावखुरा. माझं वाचाकेंद्र उजवीकडेच असणार. तो फ्लेक्स माझ्या घरी पाठवून द्या.

मास्तरीणबाई | शनिवार, रात्री १०.२५

रेघोट्याताई, चूक कबूल करून धागा काढलात, निम्मं काम तिथेच झालं. मी इथल्याच एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते. दरवर्षी पोरांच्या हातात त्यांचा पहिला मेंदू मी देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताजा मेंदू खरवसासारखा असतो. ट्रेमध्ये ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो. फॉर्मलिनमध्ये दोन-तीन आठवडे मुरला की पनीरसारखा घट्ट होतो, मग सुरी चालते. असा मेंदू टेबलावर ठेवून कितीही वेळ बघा, ५२ भाग दिसत नाहीत. वळ्या दिसतात, खाचा दिसतात, कापल्यावर करडं आणि पांढरं दिसतं. हद्दी कुठेच आखलेल्या नसतात.

मग ५२ आले कुठून? कोर्बिनियन ब्रोडमान या जर्मन डॉक्टरने १९०९ साली ते छापले. त्याने मेंदूचे पातळ काप काढले, निस्सलच्या पद्धतीने रंगवले (यात पेशींची धडं तेवढी रंगतात, त्यांचे धागे नाहीत) आणि सूक्ष्मदर्शकाखाली साल वाचत गेला. सालीत बहुतेक ठिकाणी सहा थर असतात. कुठे चौथा थर जाड, कुठे जवळजवळ नाहीच, कुठे पाचव्यात टपोऱ्या पेशी. थरांची ठेवण जिथे बदलली तिथे त्याने रेघ मारली आणि पुढचा आकडा दिला. आकड्याला दुसरा काही अर्थ नाही. १७ नंबर दृष्टीचा, ४ नंबर हालचालीचा, ४४ आणि ४५ मिळून तुमचा पळालेला ब्रोका. माणसाच्या नकाशात १३ ते १६ शोधाल तर सापडणार नाहीत. तो इतर प्राण्यांचेही मेंदू ताडून पाहत होता, ते आकडे तिकडे खर्ची पडले.

ब्रोकाचं डावेपण त्याहून जुनं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता, त्याला ‘तां’ एवढंच बोलता यायचं. तो वारल्यावर मेंदू पाहिला तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या खंडात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभरातल्या साधारण पंचाण्णवांची भाषा डावीकडे असते, आणि डावखुऱ्यांतही सत्तरेकांची. तेव्हा मिसळसम्राट, तुमचीही बहुधा डावीकडेच निघेल. फ्लेक्स नका मागवू.

मिसळसम्राट | शनिवार, रात्री १०.३१

ओके. दंडवत.

बांधावरचा | रविवार, सकाळी ६.५०

मेंदूतलं मला काही कळत नाही. भूमी अभिलेखात ३१ वर्षं भूकरमापक होतो, निफाड-सिन्नर पट्टा पायाखाली घातला. पण मास्तरीणबाईंनी ‘रेघ मारली’ असं लिहिलं आणि माझी झोप गेली.

आमच्याकडे निदान बांध दिसतो. शेजारचा दरसाल दोन बोटं नांगर आत घालतो, वीस वर्षांत बांध हात-दीड हात सरकतो, मग मोजणीचा अर्ज येतो. आम्ही अभिलेखातली हद्द दाखवतो, शेतकरी वहिवाट दाखवतो. दोन्ही खऱ्या असतात आणि दोन्ही जुळत नाहीत.

ब्रोडमानची रेघ हा अभिलेख झाला. मग मेंदूत वहिवाट कोणी मोजली का? दुसरं, एकाच्या डोक्याची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) दुसऱ्याच्या डोक्याला कशी लागू करता? आमच्याकडे असं केलं तर निलंबन होतं.

मास्तरीणबाई | रविवार, सकाळी ११.१५

काका, शंभर वर्षं लोक याच दोन प्रश्नांशी झगडताहेत.

आधी बांधाचं. काही ठिकाणी बांध खरोखर असतो. १७ नंबरच्या सालीत एक पांढरी रेष असते, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसते. फ्रान्चेस्को जेन्नारी या विद्यार्थ्याने ती १७७६ साली पाहिली, आजही तिला त्याचंच नाव आहे. आमची पोरं मागच्या खंडाचा काप हातात घेतात आणि कुठल्याही रंगाशिवाय तिच्यावर बोट ठेवतात. रेष जिथे संपते तिथे १७ संपला, वादच नाही. पण बाकी बऱ्याच ठिकाणी धरणाच्या गाळपेर जमिनीसारखं आहे. थर हळूहळू बदलत जातात, आणि रेघ कुठे मारायची हे बघणाऱ्याच्या नजरेवर राहतं.

आता ‘क’ प्रतीचं. अनेक वर्षं तुम्ही म्हणता तोच गुन्हा जगभर चालला होता. १९८८ साली तालाइराख आणि तूर्नू यांचा नकाशासंग्रह आला. त्यात मेंदूतला कुठलाही बिंदू तीन आकड्यांत सांगायची सोय होती, म्हणून सगळ्यांनी उचलून धरला. तो मेंदू होता एका ६० वर्षांच्या फ्रेंच बाईंचा, एकटीचा. जपानच्या तरुणाच्या डोक्यातली जागासुद्धा त्या बाईंच्या मापात सांगितली जायची. पुढे माँट्रियलवाल्यांनी १५२ तरुण माणसांच्या एमआरआयची सरासरी काढून साचा केला. पण सरासरीत वळ्या धूसर होतात. पन्नास जणांचे पासपोर्ट फोटो एकमेकांवर ठेवले तर चेहरा दिसतो, माणूस दिसत नाही, तसं.

जर्मनीत युलिशला कात्रिन आमुंट्स आणि कार्ल झिलेस यांनी वेगळी वाट धरली. ४४ आणि ४५ च्या हद्दी त्यांनी दहा मेंदूंत स्वतंत्रपणे मोजल्या, १९९९ साली छापल्या. आकार माणसागणिक भलतेच वेगळे निघाले, आणि वरून दिसणाऱ्या खाचेशी आतली हद्द जुळेलच असं नाही हेही दिसलं. तेव्हापासून त्यांच्या नकाशात ठाम रेघ नसते, शक्यता असते. या बिंदूवर दहापैकी सात जणांत ४४ आहे, त्या बिंदूवर दोघांतच. रंग गडद ते फिका होत जातो. या नकाशासंग्रहाची मोठी आवृत्ती २०२० साली आली, २३ मेंदूंवरून.

वहिवाटही मोजली गेलीय. २०१६ साली अमेरिकेतल्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने २१० निरोगी माणसांचे स्कॅन घेऊन साल वाटली. जाडी किती, मायलिन (धाग्यांवरचं वेष्टन) किती, काम करताना कुठला भाग जागा होतो, कुठला भाग कोणाच्या तालावर चालतो, हे सगळं एकत्र पाहिलं. एकाहून जास्त गोष्टी जिथे एकदम बदलतात तिथेच हद्द धरली. एकेका बाजूला १८० भाग निघाले, त्यातले ९७ नवे. ताईंचा १८० चा आकडा हाच. ८६२ चा आकडा सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटचा, तोही २०१६ चा. तो एका ३४ वर्षांच्या बाईंच्या अख्ख्या मेंदूचा, साल आणि आतल्या खोलातल्या रचना धरून. आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण मोजलेल्या वस्तूच वेगळ्या आहेत.

बांधावरचा | रविवार, दुपारी १२.०५

गटवारी समजली. ही साल उलगडली तर क्षेत्र किती भरतं?

मास्तरीणबाई | रविवार, दुपारी १२.२०

दोन्ही बाजू मिळून साधारण दोन हजार चौरस सेंटीमीटर.

बांधावरचा | रविवार, दुपारी १२.२४

म्हणजे सव्वादोन चौरस फुटांच्या आत. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. एवढ्याशा तुकड्याला ३६० गट! तुकडेबंदी कायदा लावा म्हणतो.

टेराबाइट | रविवार, दुपारी ३.४०

बांधावरच्या काकांना +१. मी इंदिरानगरमधून घरबसल्या सॉफ्टवेअरचं काम करतो, चित्रांचाच डेटा हाताळतो, म्हणून फायलींच्या बाजूचं सांगतो.

ताई, बिगब्रेन बघा, तुमचं काम तिथेच होईल. २०१३ साली युलिश आणि माँट्रियलच्या लोकांनी मिळून प्रसिद्ध केला आणि सगळ्यांना खुला केला. एका ६५ वर्षांच्या बाईंचा मेंदू पॅराफिनमध्ये बसवून त्याचे ७४०४ काप काढले. प्रत्येक काप २० मायक्रॉन, केसापेक्षा कितीतरी पातळ. काप रंगवले, स्कॅन केले आणि संगणकात परत एकावर एक रचून मेंदू उभा केला. सगळा मिळून एक टेराबाइटच्या घरात, म्हणजे हल्लीच्या एका हार्डडिस्कवर मावतो.

आता दुसरं टोक. गूगल आणि हार्वर्डमधली जेफ लिक्टमन यांची प्रयोगशाळा यांनी २०२४ साली एक घन मिलिमीटरचा तुकडा छापला, आकारमान राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. ४५ वर्षांच्या एका बाईंच्या अपस्माराच्या शस्त्रक्रियेत तो निघाला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या दाण्यात ५७ हजारांच्या आसपास पेशी आणि सुमारे १५ कोटी जोडण्या सापडल्या. डेटा १.४ पेटाबाइट, म्हणजे १४०० टेराबाइट. आता गंमत करा. मेंदू १२०० घन सेंटीमीटर धरला तर असे १२ लाख दाणे. १६८ कोटी हार्डडिस्क आणा, भद्रकालीच्या बाजारात मिळाल्या तर मलाही कळवा.

तरी हा दाणा तुम्ही जुन्या लॅपटॉपवर ब्राउजरमध्ये उघडू शकता. न्यूरोग्लान्सर नावाचा दर्शक आहे, फुकट. युक्ती मोबाइलमधल्या रस्त्यांच्या नकाशाचीच. पंचवटी शोधताना फोन सगळा महाराष्ट्र उतरवून घेत नाही. चित्र आधीच वेगवेगळ्या झूमला साठवलेलं असतं, प्रत्येक झूमचे बारीक ठोकळे पाडलेले असतात, आणि तुमच्या पडद्यावर जेवढे दिसतात तेवढेच ठोकळे येतात. मेंदूचं प्रकाशन पूर्वी जाडजूड ग्रंथाचं असायचं, आता निम्मं काम या ठोकळ्यांचं आहे. ते नीट पाडले नाहीत तर डेटा खुला असून नसल्यासारखा.

हक्कांचं: ब्रोडमान १९१८ साली वारला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा त्याची मूळ रेखाटनं मोकळी आहेत. पण त्यावर कोणी गेल्या वर्षी रंग भरले असतील तर ती रंगवलेली आवृत्ती त्याची. बिगब्रेन वापरताना श्रेय द्यायचं, विकायचं नाही, आणि त्यावरून काही केलंत तर तेही त्याच अटींवर खुलं ठेवायचं. शाळेच्या भिंतीला चालून जातं. तुम्ही बिल लावताय का, एवढं बघा.

नाशिकरोडकर | रविवार, सायंकाळी ५.१०

टेराबाइट, “एकावर एक रचून” हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिथेच खरी मेहनत असणार.

मी प्रेसमध्ये होतो, १९७८ ला लागलो. छपाईत चार रंग चार वेळा कागदावर पडतात. प्रत्येक रंग आधीच्या रंगावर अचूक बसला पाहिजे, त्याला आम्ही रजिस्टर म्हणतो. कागदाच्या कोपऱ्यात बारीक फुली असते. चारही फुल्या एकावर एक बसल्या तर रजिस्टर बरोबर. केसभर सुटलं तर ओठांची लाली गालावर. आणि कागद तर सरळ असतो. इथे म्हणे खरवसाचे काप! त्यांना फुली कुठे मारली?

टेराबाइट | रविवार, सायंकाळी ५.३०

काका, सलाम. या लोकांचाही शब्द तोच आहे, रजिस्ट्रेशन. फुली मारता येत नाही हीच अडचण. काप काचेवर घेताना ताणला जातो, फाटतो, घडी पडते. म्हणून कापायच्या आधी अख्ख्या मेंदूचा एमआरआय काढून ठेवतात. फाटण्याआधी तो कसा होता याची ती साक्ष. मग संगणक प्रत्येक काप थोडा ओढून, थोडा दाबून, शेजारच्या कापाशी आणि त्या एमआरआयशी जुळवतो. फाटलेल्या जागा दुरुस्त कराव्या लागतात. जुळवणी सुटली तर तुमच्या लालीसारखंच, एका थराच्या पेशी दुसऱ्या थरात.

बांधावरचा | रविवार, सायंकाळी ५.४२

७४०४ गुणिले ०.०२ मिलिमीटर, म्हणजे १४८ मिलिमीटर. कपाळापासून मागपर्यंत पंधरा सेंटीमीटरला जरा कमी. मोजणी जुळते.

रेघोट्या | सोमवार, रात्री १२.४०

झोपायला हवं होतं, पण बिगब्रेन उघडला.

पहिल्यांदा काही खास वाटलं नाही. करडा डाग, जुन्या झेरॉक्ससारखा. मग चाक फिरवत आत गेले. डाग फुटून पट्टे झाले, पट्टे फुटून ठिपके, रांगोळीचे ठिपके असावेत तसे, कुठे दाट कुठे विरळ. मास्तरीणबाई, मला खरंच थर दिसले. मागच्या बाजूला एका ठिकाणी पट्ट्यांची ठेवण झटकन बदलली. पुढे-मागे चार वेळा करून पाहिलं, तिथेच बदलते. नकाशाचा थर चढवला तर १७ ची हद्द तिथेच!

मग ४४-४५ कडे गेले. अर्धा तास घालवला. मला हद्द सापडली नाही.

मास्तरीणबाई | सोमवार, सकाळी ७.०५

मलाही पटकन सापडत नाही. बरोबर चालला आहात.

तर्कट | सोमवार, सकाळी १०.३०

फ्रेंच बाई, जर्मन डॉक्टर, अमेरिकन स्कॅन. नाशिकच्या शाळेत नाशिकच्या पोरांना परक्यांचे मेंदू. आपल्याकडे कोणी काही करतं की नाही, की आपण फक्त ‘शून्य आम्ही दिला’ म्हणायचं?

मास्तरीणबाई | सोमवार, दुपारी १.५०

करतात, तर्कटराव. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ साली शंभर भारतीय तरुणांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा साचा काढला. आपल्या मेंदूची सरासरी लांबी-रुंदी-उंची पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी भरली. (यावरून कोणी अकलेवर जाऊ नका. मापाचा आणि अकलेचा असा सरळ संबंध नाही.) उपयोग असा, की परक्या साच्यावर आपला स्कॅन ताणून बसवताना ‘मेंदू आकसलाय’ असा चुकीचा भास होऊ नये.

दुसरं काम आयआयटी मद्रासचं. त्यांच्या मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ खुलं केलं. गर्भातल्या बाळांच्या पाच मेंदूंचे ५१३२ काप, गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीतले, पेशी दिसतील इतके बारीक. या वयात सालीला वळ्या जवळजवळ नसतात, मेंदू बाहेरून गुळगुळीत दिसतो. मी वर्गात पडद्यावर दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचे मोबाइल खाली गेले. आणि शाळेची सहल कधी बंगळुरूला गेली तर निम्हान्सचं मेंदू संग्रहालय चुकवू नका, तिथे खरा मेंदू हातात घेता येतो.

तुमच्या ‘परक्यांचे’ या शब्दावर थोडं अवांतर. ज्याचा मेंदू छापतो त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न मला देशापेक्षा मोठा वाटतो. १९९४ साली अमेरिकेत व्हिजिबल ह्यूमन म्हणून एका पुरुषाचं अख्खं शरीर मिलिमीटर-मिलिमीटरचे काप काढून प्रसिद्ध केलं. तो टेक्सासमध्ये देहान्त शिक्षा झालेला कैदी होता. देह विज्ञानाला दिला होता हे खरं, पण आपलं असं जगभर दर्शन होईल हे त्याला कोणी समजावलं होतं का, यावर आजही वाद होतो. आमच्याकडे देहदानाचा अर्ज भरायला आजी-आजोबा येतात तेव्हा मी हे सांगते. एक आजी म्हणाल्या, “काप करा, पण नाव नका लिहू, सुना वाचतील.”

पेशंटचा_मुलगा | सोमवार, रात्री ८.००

माझ्या वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयची सीडी घरी पडून आहे. वय ७१, फक्त चक्कर यायची, बाकी नॉर्मल. अस्सल नाशिकचा मेंदू, पंचवटीत जन्म. शाळेला द्यायला आवडेल. कुठे अपलोड करू?

टेराबाइट | सोमवार, रात्री ८.०६

दादा, थांबा!! कुठेही करू नका.

त्या सीडीवरच्या फायलींच्या पोटात वडिलांचं नाव, जन्मतारीख, तपासणीचा दिवस, सगळं लिहिलेलं असतं. ते पुसता येतं. पण स्कॅनमध्ये नुसता मेंदू नसतो, नाक, गाल, कानही असतात. त्यावरून चेहरा उभा करता येतो. २०१९ साली ८४ जणांचे असे चेहरे उभे करून साध्या फोटोंशी ताडून पाहिले, तर सॉफ्टवेअरने ७० जण बरोबर ओळखले. म्हणून संशोधनवाले प्रसिद्ध करण्याआधी चेहऱ्याचा भाग खरवडून टाकतात. हौस असेल तर थ्रीडी स्लायसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, घरच्या घरी वडिलांना त्यांचाच मेंदू दाखवा. आणि ध्यानात ठेवा, डॉक्टरी पद्धतीत पेशंटची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते, जणू तो तुमच्यासमोर पाय तुमच्याकडे करून झोपलाय. रेघोट्याताईंसारखं करू नका.

पेशंटचा_मुलगा | सोमवार, रात्री ८.२०

बापरे. सीडी कपाटात ठेवली. धन्यवाद. बाबांना दाखवेन, ते म्हणतायत त्यात मावशीशी झालेलं भांडण दिसतं का बघ.

येवलेकरीण | मंगळवार, दुपारी २.१५

माझी एक शंका. ते इंद्रधनुषी धाग्यांचं चित्र असतं ना, मेंदूत रेशमाच्या लडी सोडल्यासारखं? मला ते फार आवडतं. आमच्या घरी पैठणीचे माग आहेत म्हणूनही असेल. भिंतीवर तेच लावा की. ते धागे खरे असतात ना?

मास्तरीणबाई | मंगळवार, दुपारी ४.००

सुंदर दिसतं, कबूल. पण तो धाग्यांचा फोटो नाही. स्कॅनर पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतो. धाग्याच्या दिशेने पाणी सहज सरकतं, आडवं कमी. त्यावरून दिशा काढतात आणि संगणक दिशेला दिशा जोडत रेषा ओढतो. रंगही दिशेचे असतात. डावी-उजवी जाणारी रेषा लाल, पुढे-मागे हिरवी, वर-खाली निळी.

तुमच्या मागावरचंच बघा. दीड-दोन मिलिमीटरच्या एका चौकोनात ताणा आणि बाणा दोन्ही असतील आणि तुम्हाला त्या चौकोनाची एकूण दिशा तेवढी सांगितली, तर काय ओळखाल? धागे तिथे एकमेकांना छेदून गेले, की कोपऱ्यात वळून परत फिरले? इथेच संगणक फसतो, आणि नसलेले रस्तेही काढून देतो.

येवलेकरीण | मंगळवार, दुपारी ४.१२

कळलं. उलट्या बाजूने बघता येत नाही म्हणजे पंचाईतच. पैठणीत तेवढं सुख आहे.

तर्कट | मंगळवार, सायंकाळी ६.४५

मग ते ‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो’ वाले लाल-पिवळे डाग? तेही असेच?

टेराबाइट | मंगळवार, सायंकाळी ७.२०

उजळत काही नाही. राखाडी चित्रावर आकडेमोडीचा निकाल लाल-पिवळ्या रंगात चिकटवलेला असतो. आकड्याची चाळणी कुठे लावली त्यावर डाग मोठा की लहान ते ठरतं. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते ‘विचारलं’. स्कॅनमधले हजारो बारीक चौकोन एकदम तपासताना जी दुरुस्ती करायची असते ती केली नाही, तर माशाच्या मेंदूत लाल ठिपके आले. दुरुस्ती केली, ठिपके गेले. २०१२ साली इग नोबेल (हसवणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं.

ताई, तुमच्या कामाचं एक. इंद्रधनुष्याच्या सगळ्या रंगांची पट्टी वापरू नका. आकडा सावकाश वाढत असतो, पण पिवळ्याच्या काठावर डोळ्याला खोटी हद्द दिसते. आणि साधारण बारातल्या एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घ्या.

मिसळसम्राट | मंगळवार, सायंकाळी ७.२४

तर्री आणि रस्सा यातली हद्दही अशीच सावकाश असते. एवढं बोलून मी गप्प.

रेघोट्या | शुक्रवार, रात्री ९.००

अपडेट. शाळेत जाऊन बसले, बाईंना समजावलं. अख्ख्या मेंदूचा रंगीबेरंगी नकाशा रद्द. सगळ्या भिंतीवर एकच जागा मोठी करून दाखवायची, तुमचा माझा पळालेला ब्रोका. तीच जागा चार वेळा. ब्रोडमानच्या रेखाटनावरून मी हाताने काढलेली, आकड्यांसकट. बिगब्रेनचा काप, हद्दीशिवाय. युलिशची शक्यता, एकाच निळ्याच्या छटांत. शेवटी १८० वाल्या पद्धतीची वाटणी, तीही मीच नव्याने काढली. प्रत्येकाखाली एक पट्टी: कोणाचा मेंदू, किती जणांचा, साल कोणतं, हद्द कशावरून ठरवली. बिगब्रेनच्या पट्टीवर श्रेय. बिल लावणार नाही, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. चारही चित्रांवर वीतभर अक्षरांत ‘डावी बाजू’.

बाई म्हणाल्या, “पोरं विचारतील, यातला बरोबर कुठला?” मी म्हटलं, विचारू द्या.

सोबत पोरांना घरी न्यायला ए-फोरचं पत्रक, काळा आणि निळा असे दोन रंग, ऑफसेटवर, कारण सहाशे प्रती हव्यात. सातपूरच्या एका छापखान्यात लावलंय. प्रूफचा फोटो खाली टाकतेय. उद्या सकाळी छपाई सुरू. नजर टाका.

बांधावरचा | शुक्रवार, रात्री ९.२०

पाहिलं. अक्षर छान. पण तिसऱ्या चित्रात ४४ चा गडद निळा काळी रेघ ओलांडून ४५ मध्ये शिरलाय. हे मुद्दाम आहे का? शक्यतेचं म्हणून?

मास्तरीणबाई | शुक्रवार, रात्री ९.२६

नाही काका. फिका निळा पलीकडे जायला हरकत नाही, पण गडद नको. ताई, तुमच्या मूळ फाईलमध्येही असंच आहे का?

रेघोट्या | शुक्रवार, रात्री ९.३१

नाही!! फाईलमध्ये गडद निळा रेघेच्या जरा अलीकडे आहे. आत्ता परत उघडून बघितलं.

नाशिकरोडकर | शुक्रवार, रात्री ९.३८

मेंदू सोडा, कागदाचा उजवा वरचा कोपरा मोठा करून बघा. फुल्या दोन दिसतात, एक काळी, एक निळी. निळी प्लेट डावीकडे अर्धा-पाऊण मिलिमीटर सुटलीय. रजिस्टर गेलं. छापू देऊ नका.

रेघोट्या | शुक्रवार, रात्री ९.४४

फोन केला. तो म्हणतो एवढं चालतं, पोरांचं तर आहे.

नाशिकरोडकर | शुक्रवार, रात्री ९.४६

छापखान्याचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. सकाळी आठला मी तिथे भिंग घेऊन येतो.

बांधावरचा | शुक्रवार, रात्री ९.४७

सिन्नर फाट्यावरून मला घ्या.